खंडेनवमीचा लॅपटॉप

चारला इंटरव्ह्यू, आणि साडेतीन वाजून गेले तरी जाईच्या लॅपटॉपला वायफाय दिसेना. घरचं सोडाच, एरवी ऐरोलीच्या तिच्या बिल्डिंगमधली वरची, खालची, शेजारची सगळी नेटवर्कं स्क्रीनवर हजर असायची. आज एकाचाही पत्ता नव्हता. आणि नोकरी कसली, तर लिनक्सवर चालणारी मशीनं बिघडली की ती ठीक करायची. म्हणजे झालंच की कल्याण!

दोष तिनं स्वतःलाच दिला. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी कुणी शहाणं माणूस सिस्टिम अपडेट करतं का? हिनं केली होती. त्या अपडेटनंच नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, बिघडवला हे तिनं मनाशी पक्कं धरलं आणि हात धुऊन त्याच्या मागे लागली. ड्रायव्हर काढला, परत चढवला. लॅपटॉप जुन्या व्हर्जनवर सुरू करून पाहिला. ढिम्म. फोनचं नेट घ्यावं, तर हॉटस्पॉट पकडायलाही तेच कार्ड लागणार, आणि घरातली एकुलती एक वायर नुसती चार्जिंगपुरती. फोनवरून बोलणं भागलं असतं, पण इंटरव्ह्यूवाल्यांना तिनं लॅपटॉपवर काम करून दाखवायला हवं होतं.

"पूजेतून उचलला म्हणून तर नाही ना गं?" स्वयंपाकघराच्या पडद्याआडून आईनं विचारलं.

"आई, प्लीज. तू टेन्शन नको देऊस."

आई जागची हलली नाही. आज खंडेनवमी. जाईचे बाबा लिफ्ट मेकॅनिक, त्यामुळे दरवर्षी पाटावर त्यांचे पाने आणि पकडी मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, एवढीच पूजा. यंदा आईनं आपणहून लॅपटॉप उचलून त्यांच्या शेजारी ठेवला होता. जाई आंघोळ करून आली तोवर तो चकचकीत होऊन, डोक्यावर झेंडूचं फूल घेऊन बसलेला. "आता हे माझ्या पोरीचं हत्यार," आई म्हणाली होती, आणि तिचा चेहरा असा काही फुलला होता की जाईला हसू आवरेना. खरं तर पूजेतली हत्यारं त्या दिवशी हलवायची नसतात. पण इंटरव्ह्यूवाले काय पंचांग बघून वेळ देतात?

चार वाजून पाच मिनिटांनी, सगळे उपाय थकल्यावर, जाईनं मशीनला एक साधी कमांड देऊन विचारलं, बाबा रे, तुझं कार्ड कुणी अडवलंय का? उत्तर आलं, 'हार्ड ब्लॉक्ड : येस'. म्हणजे ड्रायव्हर बिचारा निर्दोष. कार्ड बाहेरून, बटणानं बंद केलं होतं. पण बटण? हा सेकंडहँड लॅपटॉप घेतल्यापासून तसलं काही तिनं वापरलंच नव्हतं. तिनं पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. नखाएवढा एक खटका लागला. तो उलट्या बाजूला सरकवला, तसं बोटाला हळद लागली आणि स्क्रीनवर नेटवर्कं पटापट उगवायला लागली.

आईचं पुसणं म्हणजे कानाकोपऱ्यासकट पुसणं. जाईला राग आला, चांगला सणसणीत आला. तिनं वळून पाहिलं. आईनं डोळे मिटून देव्हाऱ्याकडे हात जोडले होते.

"चालू झाला? काय झालं होतं गं? माझ्या हातून काही...?"

"छे! अपडेटचं लफडं होतं," जाई म्हणाली आणि तिनं बोट ओढणीला पुसलं.

"हुश्श!" करून आई भांडी घासायला आत गेली.

स्क्रीनवर इंटरव्ह्यू घेणाऱ्या राजश्री मॅडम आल्या. इंग्रजीत दोन वाक्यं झाली आणि त्या मराठीवर उतरल्या. "उशीर झाला तुम्हाला."

"सॉरी मॅडम. वायफाय बंद पडलं होतं."

"असं? मग तेच सांगा. काय काय केलंत?"

जाई रंगात आली. अपडेट, ड्रायव्हर, जुनं व्हर्जन, शेवटी ती कमांड आणि तो खटका, सगळं तिनं सांगितलं. मॅडम मान डोलवत होत्या.

"छान. पण बटण बंद कुणी केलं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"मीच, मॅडम. सकाळी पूजेसाठी पुसताना सरकलं."

"तुम्हीच पुसलात आणि तुम्हीच ड्रायव्हर शोधत बसलात?" मॅडमचा आवाज कोरडा झाला. "अहो, सपोर्टच्या माणसानं आधी काय विचारायचं असतं? मशीनला शेवटचा हात कुणी लावला. इथं तर तो तुमचाच होता."

कॉलेज संपल्यापासून तिला असंच काम हवं होतं, आणि आता ते हातचं निसटताना तिला दिसत होतं. 'आईनं पुसला होता' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पडद्याखालून तिला आईची पावलं दिसत होती.

"नाही आलं लक्षात," ती म्हणाली.

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी टाइप केलं.

तेवढ्यात पडदा सरकला. आई साबणाच्या हातांनी तशीच येऊन खुर्चीमागे उभी राहिली. कॅमेऱ्यात तिचं नुसतं पोट दिसत होतं, म्हणून ती वाकली.

"आई, अगं आत जा ना," जाई पुटपुटली.

"थांब जरा." आईनं स्क्रीनला नमस्कार केला. "मॅडम, ही खोटं बोलतेय. लॅपटॉप मी पुसला. तिनं पुसला असता ना, तर तिला तेव्हाच कळलं असतं."