वल्ह्याची खूण

अल्वाइनाने होडी पाण्यात ढकलली, मध्याच्या जरा मागे गुडघे टेकले आणि वळून क्लॅरन्सकडे पाहिलं.

"मी खाली पोचले की खूण करीन," ती म्हणाली. "माझ्या वल्ह्याकडे नीट बघ हं. जोसायाने बघितलं नव्हतं म्हणतोस ना, तू तरी बघ."

क्लॅरन्स आपल्या होडीत मूस हरणाच्या मांसाची पोती आवळत होता. त्याचे हात थांबले. "चार वर्षं झाली, तुझे टोमणे काही संपत नाहीत."

"टोमणा कसला? आठवण करून दिली."

अल्वाइनाचे सायलस काका काठाच्या पायवाटेने आधीच खाली गेले होते. नजर अधू झाल्यापासून ते या धारेत होडी घालत नाहीत, पण पायवाट त्यांच्या तळव्यांना पाठ आहे.

इथे नदी मधल्या मोठ्या खडकावर फुटते. एक धार कड्याखालून जाते, दुसरी बर्चच्या झाडांकडून. बर्फ वितळला की दरवर्षी कुठलं तरी झाड वाहत येऊन एका धारेत आडवं अडकतं, आणि वरून ते दिसत नाही. म्हणून हलकी होडी पुढे जाते, खालच्या डोहात थांबते आणि वल्हं झुकवून मागच्याला वाट दाखवते. दाखवायची ती वाट, धोका नाही. वल्हं जिकडे, होडी तिकडे. आमच्याकडची पोरं हे बोलायला लागण्याआधी शिकतात.

चार वर्षांपूर्वी पुढे क्लॅरन्स होता आणि मागे अल्वाइनाचा थोरला भाऊ, जोसाया. जोसाया बर्चच्या बाजूने आला, तिथल्या आडव्या झाडाखाली गेला आणि जिवंत वर आला नाही. "मी कड्याकडे दाखवलं होतं, त्याने बघितलंच नाही," क्लॅरन्सने गावाला सांगितलं. गावाने मान डोलावली. जोसाया होताच उतावळा, म्हणाले. मेलेल्या माणसावर काहीही ढकला, तो थोडाच उठून भांडणार आहे!

अल्वाइनाला वल्हं धरायला जोसायानेच शिकवलं होतं. तो पुढच्याचं वल्हं न बघता धारेत शिरेल, हे तिला मरेपर्यंत पटणार नव्हतं. क्लॅरन्सचं नाव निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मनातल्या मनात तिने त्याला याच पाण्यात शंभरदा बुडवलं होतं.

खडक जवळ येताच तिने उलटं वल्हवून होडीचा वेग मोडला. बर्चच्या बाजूला यंदाही स्प्रूसचं एक झाड आडवं पडलं होतं, फांद्यांसकट. तिने वल्हं कड्याच्या बाजूला लांब रोवलं आणि होडी त्याच्याकडे ओढली. दोन झटक्यांत ती मोकळ्या धारेत आली आणि खाली डोहात उतरली. तिथे होडी फिरवून तिने तोंड वर केलं.

वर क्लॅरन्स वाट बघत होता. अल्वाइनाचं वल्हं क्षणभर मांडीवरच राहिलं. नुसतं बर्चकडे झुकवलं की काम झालं असतं, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

तिने वल्हं उचललं आणि कड्याकडे झुकवलं. तो बघतोय याची खात्री होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. यात दया वगैरे काही नव्हती. तिला हा माणूस पुरता ठाऊक होता.

क्लॅरन्स निघाला. कड्याच्या बाजूला आला, तिच्या वल्ह्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. आणि अगदी शेवटच्या क्षणी होडी गर्रकन वळवून बर्चच्या धारेत घुसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

मांसाने भरलेली होडी झाडावर आडवी आदळली आणि मधोमध वाकली. क्लॅरन्स एका फांदीला लोंबकळत राहिला, छातीपर्यंत पाण्यात.

"काय मोडलं गं?" काका काठावरून ओरडले.

"क्लॅरन्स झाडाला अडकलाय."

"मग दोर फेक ना पोरी! बघत काय बसलीस?"

ती वल्हवत खडकामागच्या निवांत पाण्यात आली आणि दोराचं वेटोळं घेऊन खडकावर चढली. आता तो पाच-सहा हातांवर होता.

"मी वल्हं कुठे दाखवलं?" तिने विचारलं.

"आधी दोर फेक!"

"कुठे दाखवलं?"

"कड्याकडे! कड्याकडे दाखवलंस!"

"मग इकडे का वळलास?"

पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं. "मला वाटलं, तू मला झाडावर घालणार."

"मी? मी का मारीन रे तुला?"

क्लॅरन्सने फांदी दोन्ही हातांनी आवळली.

"सांग ना. मी का मारीन तुला?"

"मी झाड दाखवलं त्याला!" क्लॅरन्स रडत ओरडला. "घाबरलो मी. वाट दाखवायची सोडून झाडच दाखवत बसलो. तो वल्ह्याकडे बघूनच आला गं. बघत बघत सरळ आला."

काका बर्चच्या बुंध्याशी मटकन खाली बसले.

दोर पाण्यात सोडून द्यावा आणि घरी जावं, असं अल्वाइनाला मनापासून वाटलं. तेवढ्यात फांदी कडाडली आणि क्लॅरन्सचा एक हात सुटला.

तिने दोर फेकला. तो त्याच्या खांद्यावर पडला.

"घट्ट धर," ती म्हणाली. "बुडायचं नाही, क्लॅरन्स. आधी हे माझ्या आईसमोर बोलायचंय."