सरूबाईचा फिरीज

शेंद्र्यात सुरेखाच्या खानावळीसमोर सरूबाईची खानावळ होती. कंपनीतले कामगार सरूबाईकडं रांग लावायचे आणि सुरेखा जळफळत बघायची. आज मात्र रांग सुरेखाच्या दारात होती. कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला होता; सुरेखाही त्या ग्रुपात होती. त्यात सरूबाई हसत सांगत होती, "फ्रीजमधली चार दिवसांची भाजी गरम करून वाढते." सुरेखानं तो खुशीत तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा ती चमकली. सरूबाई फ्रीज म्हणतच नाही, फिरीज म्हणते. सुरेखा तिची नक्कल करून नवऱ्याला हसवायची. समोर सरूबाई भरल्या पातेल्यापाशी एकटी बसली होती. अखेर सुरेखानं हात पुसून ग्रुपवर लिहिलं, "व्हिडिओ एआयनं बनवलाय. सरूबाई फिरीज म्हणते. पुढं पाठवू नका." रांग रस्ता ओलांडून गेली. संध्याकाळी सरूबाई आली. "एवढं कान देऊन ऐकतीस व्हय माझं?" सुरेखा मान खाली घालून पोळ्या लाटत राहिली.