खांद्यावरचा चुना

“डोळे मिटून उभं राहायचं, पण धरायला मागे माणूस हवाच. नाहीतर घरी हा व्यायाम बंद,” दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने बजावलं होतं. पक्षाघाताने गेलेला तोल मला परत हवा होता. “मुलगा धरतो,” मी म्हणालो. मुलगा भिलाईला असतो. घरी मी खोलीच्या कोपऱ्यात उभा राहायचो; कललो की भिंत सावरायची.

आज तिने माझी पाठ पाहिली. “काका, दोन्ही खांद्यांना चुना कसला? मुलगा चुन्याचा आहे की काय?” ती हसली. मी पाठ लपवायला वळलो, तेव्हा तिचं हसू मावळलं.

“उद्यापासून व्यायाम इथेच. मी राहीन मागे,” म्हणत तिने हलक्या हाताने माझा उजवा खांदा झटकला.

मी डावा पुढे केला.