मंडपातले पाय

संघपालची नजर पायांवर होती. पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर तो फारसा विसंबत नसे. माणूस ओळखीच्या पाहुण्याकडे पाहून हसत राहतो. परंतु गाणे शिळे झाले की त्याच्या टाचा आधी जमिनीला टेकतात. नळदुर्गच्या त्या मंगल कार्यालयात, हळदीच्या मंडपात, पुढच्या रांगेतल्या टाचा आता टेकू लागल्या होत्या. त्याने हेडफोन एका कानाला दाबून पुढचे गाणे जुळवले, ठेक्यावर ठेका बसवला आणि मिक्सरची पट्टी हळूच वर सरकवली. टाचा पुन्हा उचलल्या गेल्या.

“जमवलं सनीभाऊ!” नवरीचा भाऊ शिवलिंग हळदीने माखलेला हात हलवत ओरडला.

संघपालच्या मागे लावलेल्या फलकावर ‘डीजे सनी, धाराशिव’ एवढीच अक्षरे होती. त्याचे खरे नाव त्या मंडपात कोणालाही ठाऊक नव्हते. अपवाद एका बाईचा. मंडपाच्या टोकाला, नळापाशी, आचाऱ्याने आणलेल्या बायका पातेली घासत होत्या. त्यांत बेंबळीची भिमाबाई होती. त्याच्या वडिलांची सख्खी बहीण. सकाळी तो टेम्पोतून स्पीकर उतरवत असताना तिने लांबूनच हाक मारली होती, “अरं संग्या! तू व्हय रं?” त्याने आजूबाजूला पाहिले आणि वायरींच्या गुंत्यात मान घातली. तिने दुसरी हाक मारली नाही.

नवरीचे वडील गौरीशंकर घाम पुसत त्याच्या टेबलाजवळ आले. खुर्चीत धापा टाकत हसणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या आईकडे, सिद्धम्माकडे बोट दाखवून म्हणाले, “काय ओ, आमच्या अव्वाला बी नाचवलात की! तिचे गुडघे धरलेत म्हणून डॉक्टरला दाखवतोय आम्ही, आणि तुम्ही एका गाण्यात बरी केलीत. पुढल्या महिन्यात मेव्हण्याच्या पोरीचं लगीन आहे. सगळी आपलीच माणसं. तुमचंच नाव सांगितलंय मी.”

“मेहरबानी साहेब.”

“आडनाव काय आपलं?”

संघपालने हेडफोनची दुसरी बाजूही कानावर चढवली आणि ऐकू येत नसल्याची खूण केली. गौरीशंकर हसले, त्याच्या खांद्यावर थाप मारून पुन्हा नाचणाऱ्यांत शिरले.

तेव्हा त्याला तो पाय दिसला. नळापाशी, ओल्या फरशीवर, भिमाबाईचा अनवाणी पाय ठेका धरत होता. मंडपात वाजत होते त्या गाण्याचा तो ठेका नव्हता. तो दुप्पट चालीचा, ढोलकीचा होता. दर वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत बायकांच्या पुढे याच पायांनी ती नाचत असे आणि गाडीवरून तिच्यासाठी याच ठेक्याचे भीमगीत तो पुन्हा पुन्हा वाजवत असे. पाय वाचण्याची विद्या त्याने तिथेच, तिच्याच पायांवर गिरवली होती.

त्याचा हात लॅपटॉपकडे गेला. पुढचे गाणे त्याने फार विचार करून लावले नाही.

ढोलकी सुरू झाली आणि मंडप उसळला. शिवलिंगने दोन मित्रांना ओढत आत आणले. गौरीशंकरांनी दोन्ही हात वर केले. खुर्चीत बसलेली सिद्धम्माही टाळ्या वाजवू लागली. नळापाशी भिमाबाई पातेले सोडून उठली. तिने संघपालकडे पाहिले, तोंडभर हसली आणि फेसाने भरलेला हात डोक्यावर उंच केला.

ढोलकीचा तुकडा संपताच शब्द येणार होते. पहिल्याच ओळीत बाबासाहेबांचे नाव होते. संघपालने नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहिले. एकही टाच जमिनीला टेकलेली नव्हती.

त्याने पट्टी खाली ओढली.

एकदम शांतता पसरली. पावले जागच्या जागी अडखळली.

“सॉरी मंडळी,” तो माईकवर म्हणाला, “चुकून लागलं.”

भिमाबाईचा हात अजून वरच होता. तिने तो सावकाश खाली आणला, डोक्यावर नेला आणि मुळात न ढळलेला पदर सारखा केला. फेस पदराला लागला. मग ती खाली बसली आणि पातेले पुढे ओढले.

दुसरे गाणे लागले. शिवलिंग टेबलापाशी आला. “का बदललं ओ? लई भारी होतं की. कोणतं होतं ते?”

“कोणतं न्हाय. आवाज चेक करत होतो.”

“मग परत चेक करा की!”

“फाईल खराब हाय ती.”

शिवलिंग खांदे उडवून परत गेला. संघपाल पायांकडे पाहत राहिला. पण त्यानंतरचे प्रत्येक गाणे त्याने उशिरा बदलले.

जेवणासाठी वाजवणे थांबले, तेव्हा गौरीशंकर खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले आणि नळाकडे वळून म्हणाले, “मावशी, आमच्या डीजेवाल्यांना पाणी द्या की जरा.”

भिमाबाईने लुगड्याला हात पुसले आणि तांब्या-पेला घेऊन ती आली. पदरावरचा फेस वाळून पांढरा डाग पडला होता. संघपालला मान वर करता येईना. सवयीने त्याची नजर तिच्या पायांवर गेली. पाण्याने सुरकुतलेले ते दोन्ही पाय जवळजवळ, स्थिर उभे होते.

“आत्…” त्याच्या ओठांतून निघाले.

तो शब्द पुरा होण्याआधीच तिने पेला त्याच्यापुढे धरला आणि गौरीशंकरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घ्या साहेब, पाणी घ्या. लई दमला असाल तुमी.”