हिरवी खूण

बाबांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ, पण स्वतःची रक्तदाबाची गोळी काही लक्षात राहायची नाही. म्हणून मी त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. रोज सकाळी गोळी तळहातावर ठेवायची, फोटो काढायचा आणि मग घ्यायची. ॲपला गोळी दिसली की माझ्या फोनवर हिरवी खूण. महिनाभर एकही सकाळ चुकली नाही. मी ऑफिसभर कौतुक सांगत सुटले.

आज पहिल्यांदाच लाल खूण आली. ‘गोळी दिसत नाही.’ मी घाबरून फोन लावला.

“बाबा, गोळी घेतली नाहीत?”

“घेतली की! दारात कुरिअरवाला उभा होता, म्हणून घाईघाईत उरकलं एवढंच.”

“मग ॲप का बोंबलतंय?”

“त्या दिवट्याचं काय सांगू! गोळी एवढीशी, त्याला दिसतच नाही. पहिल्याच दिवशी डोकं खाल्लं माझं. तेव्हापासून फोटोला शर्टाचं पांढरं बटण ठेवतो. लगेच ‘शाब्बास’ म्हणतं. मग मी निवांत गोळी घेतो. दोन्ही एकाच बशीत असतात.”

मी कपाळावर हात मारला. “म्हणजे महिनाभर मी बटणाचं कौतुक करतेय? मग आज काय बिघडलं?”

पलीकडे बशी सरकल्याचा आवाज आला.

 

“अगं, गोळी तर इथेच आहे,” बाबा हळूच म्हणाले. “बटण दिसत नाहीये.”