खेकड्याने काढलेला क्रूस

क्रूस पाण्यात पडला, सहा गडी त्याच्यावर तुटून पडले, आणि त्यांच्या पायांमधून वाट काढत खेकड्याने तो गिळला.

खेकडा म्हणजे पोहण्याचा तलाव झाडणारं यंत्र. तळावरून फिरायचं, पाचोळा पोटात घ्यायचा, भिंत चढून काठाशी यायचं आणि पुन्हा खाली जायचं, एवढंच त्याला येतं. तेच त्याने केलं. गडी पाण्याखाली एकमेकांच्या तंगड्या ओढत होते, तेव्हा खेकडा शांतपणे भिंत चढून वर आला. त्याच्या जाळीतून चांदीचा क्रूस चमकत होता.

"बाबा, आज तरी हे बंद ठेवायचं ना!" स्त्रातिस ओरडला.

त्याच्या वडिलांनी, झिसिमोसने, एकवार पंपाच्या खोलीकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस कोट घालून उभा होता; आणि पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.

खाणीच्या या गावापासून समुद्र पाचशे किलोमीटर. म्हणून येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला गावातले ग्रीक तीस वर्षं झिसिमोसच्या परसातल्या खाऱ्या तलावातच क्रूस टाकत आले होते; गड्यांनी बुडी मारायची, जो तो वर काढील त्याला वर्षभराचा आशीर्वाद. हे शेवटचं वर्ष. सोमवारी खोदाईवाला येणार, तलाव मातीने बुजवणार, वर लिंबाची झाडं लागणार. मागच्या हिवाळ्यात वीस किलोची मिठाची गोणी उचलताना झिसिमोस घसरून पडला, तेव्हाच स्त्रातिसने ठरवलं होतं.

"लोकांना वाटतं, मीठ टाकलं की झालं," तो म्हणे. "त्या मिठाचं क्लोरीन करणाऱ्या पत्र्यांवर थर चढतो, तो कोण धुणार? पाणी कोण तपासणार? हे म्हातारपणात?"

त्याचं काही खोटं नव्हतं. पण दर गुरुवारी सकाळी खाणकामगारांच्या विधवा त्या पाण्यात तरंगायला येत. डोळे चुरचुरत नाहीत, अंग खाजत नाही, सांधे मोकळे होतात, असं त्यांच्यातली पोलिक्सेनी आजी शपथेवर सांगे. जमिनीवर तिला काठी लागे. पाण्यात ती आठ वर्षांची होई. खुद्द फादर सोफ्रोनिओस काठावर बसून गुडघे भिजवत आणि स्तोत्र गुणगुणत.

आता काठावर भांडण जुंपलं.

"यंत्राने काढलेला धरायचा नाही! पुन्हा टाका!" गडी ओरडू लागले.

"सहा जण एका झाडूला हरलात," पोलिक्सेनी आजी म्हणाली. "आता गळे कसले काढता, मेल्यांनो?"

सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं. ते पंपाच्या खोलीला टेकून सावलीत उभे होते. त्यांचा गळा असा होता, की त्यांनी नुसती वर्गणीची यादी गायली तरी माणसं डोळे पुसत. त्यांनी डोळे मिटले आणि शुभवर्तमान गावं तसा निवाडा गायला.

"जो क्रूस वर आणील... वर्षाचा आशीर्वाद त्याचाच... आणि आपल्या वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे... त्याच्या घराची एक वीटही... वर्षभर कोणी हलवू नये..."

शेवटचा सूर त्यांनी इतका लांबवला, की लोक सवयीने "आमेन" म्हणून गेले. एकदा आमेन म्हटल्यावर मग बोलायचं काय उरतं?

तरीही स्त्रातिसला हसू आलं. "यंत्राला कुठलं आलंय घर, फादर?"

फादरांनी डोळे उघडले. आता ते गायले नाहीत. साध्या आवाजात विचारलं, "मग तो राहतो कुठे?"

स्त्रातिसने तलावाकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं.

क्रूस काढणाऱ्याला तो तबकात घेऊन घरोघर जायचं असतं. खेकड्याला पाय नव्हते, म्हणून खेकड्यालाच तबकात बसवलं आणि तबक स्त्रातिसच्या हातात दिलं. वायर मागून फरफटत होती. दारोदार बायका क्रूसाला ओठ टेकवत, खेकड्याच्या ब्रशात सब्ज्याची डहाळी खोवत. पोलिक्सेनी आजीने खेकड्याचाही मुका घेतला.

चौथ्या दारात स्त्रातिसने तबक कट्ट्यावर ठेवलं आणि खोदाईवाल्याला फोन लावला. "सोमवारी येऊ नका. वर्षभर तरी नको... कारण? कारण सांगता येण्यासारखं नाही हो." फोन ठेवून तो मागोमाग आलेल्या वडिलांवर खेकसला, "आणि मिठाच्या गोण्या मी आणणार! पत्रे मी धुणार! तुम्ही हात लावलात तर बघा!"

झिसिमोसने मान डोलावली.

दुपारी सगळे पांगले. खेकडा काठावर उन्हात वाळत पडला होता. फादर झगा वर घेऊन पाण्यात पाय सोडून बसले होते. झिसिमोस त्यांच्याशेजारी येऊन बसला. शेवटी त्याने कोट काढला.

"फादर," तो हळूच म्हणाला, "यंत्र मी सकाळीच बंद केलं होतं. सणाच्या दिवशी मी कधीच विसरत नाही."

फादरांनी पाण्यात गुडघा एकदा वाकवला, एकदा सरळ केला.

"कृपा देवाचीच, झिसिमोस," ते म्हणाले. "पण बटण कुणाला तरी दाबावं लागतं."