कोरडा टॉवेल

चंद्रभाननं पाळकसाहेबांच्या फाटकाशी टांगा उभा केला आणि काखेत टॉवेल मारून तो खाली उतरला. टॉवेलात कोरडं धोतर गुंडाळलेलं होतं. मागच्या बैठकीवरून गोपिका उतरली. नवऱ्याचं हे खूळ तिला पसंत नव्हतं, पण सोमवारी त्याच्या पोटाचं ऑपरेशन होतं. अशा वेळी कोण अडवणार?

“सलाम, साहेब. मले बाप्तिस्मा द्या.”

आनंदराव पाळकांनी चष्मा कपाळावर चढवला. “अरे, मीच तर दिला तुला. कन्हान नदीत.”

“तो गेला साहेब. तोंडापायी गेला.”

टांग्याच्या धंद्यात चाऱ्याइतक्याच शिव्याही लागतात. नदीतून वर येताना चंद्रभाननं त्या कायमच्या सोडल्या होत्या. सीताबर्डीच्या गर्दीपर्यंतही तो निश्चय टिकला नाही. मग पहिला बाप्तिस्मा लपवून त्यानं दुसऱ्या एका मिशनच्या हौदात बुडी मारली. तीही वाया गेली. हे सगळं त्यानं आज मान खाली घालून सांगून टाकलं.

“बाप्तिस्मा एकदाच असतो, चंद्रभान. आत्म्याचं तारण काही तुझ्या तोंडावर अवलंबून नाही.”

“मंग तोंड कसंबी चालते का?”

“नाही चालत.”

“तेच त! चालत नाही, अन् सुधरतबी नाही. सोमवारी आपरेशनच्या टेबलावरच मेलो त कुठं जाऊ मी, साहेब?”

त्याचा आवाज फाटला. माणूस खरोखरच भ्यायला होता. पाळकांनी बायबल उघडलं, चार पानं उलटली आणि परत मिटलं.

“मी बोलू का?” फाटकापासून गोपिका पुढे आली. “तोंड त यांचं माह्यावरबी सुटते, साहेब. रोज सुटते.” मग ती नवऱ्याकडे वळली. “हरबार माह्याशी नव्यानं लगन लावता का तुम्ही?”

“ते अलग हाये वं,” चंद्रभान वैतागला. “तू कुठं जातेस सोडून!”

चंद्रभान टॉवेलाची सुरळी या काखेतून त्या काखेत करत राहिला.

“मंग शिव्यायचं काय?” त्यानं हळूच विचारलं.

“त्या सोडाव्याच लागतीन,” गोपिका म्हणाली. “माह्याच कानात जातात न!”

पाळकांनी ऑपरेशनसाठी प्रार्थना केली. चंद्रभाननं टॉवेल गोपिकेकडे दिला आणि टांगा हाकला.

सदर बाजाराच्या वळणावर एक ट्रक अंगावर आला. घोडा बिचकला. चंद्रभानच्या तोंडून जुनी, लांबलचक शिवी निघाली. अर्धी बाहेर पडली, अर्धी त्यानं गिळली. त्यानं लगाम खेचून टांगा थांबवला. मग भीत भीत मागे वळून पाहिलं.

गोपिका होती तिथंच बसली होती, मांडीवर कोरडा टॉवेल घेऊन.